काळ्या रंगाखालची गिटार

१

ज्यानं कोणी ती गिटार रंगवली होती, त्याला समोर उभं करून चार शब्द सुनवावेत असं मला ती पिशवीतून बाहेर काढताक्षणीच वाटलं. काळाकुट्ट रंग, तोही जाडजूड. कडांवर ओघळ आलेले आणि तसेच वाळलेले. रंगात जागोजागी बारीक गोल खळगे पडलेले. एका ठिकाणी तर डास चिकटला होता आणि त्या शहाण्यानं डासावरूनही हात मारला होता.

मी गिटारी दुरुस्त करते. चांगल्या लाकडाची कुणी अशी वाट लावली की माझं डोकं फिरतं. ते फिरायला फारसं निमित्त लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

गिटार घेऊन आली होती एक हॉस्पिटलातली सिस्टर. ड्युटीवरून थेट आली असावी, अंगावर गणवेश तसाच होता.

"जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, घेऊन जा, कुणा जाणकाराला दाखवा, मग ठरवा. घेण्यासारखी आहे का, एवढंच सांगा. मला शिकायचंय. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून घरी गेलं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही."

"रंग बघून विचाराल तर सांगेन, फेकून द्या."

"आम्ही पेशंटचा चेहरा बघून ठरवत नाही हो. आतून तपासा ना."

मला ती आवडली. मी गिटार टेबलावर आडवी घेतली. मान सरळ होती. पट्ट्या फारशा झिजलेल्या नव्हत्या. लाकूड वजनदार, एकसंध. म्हणजे मुळात चीज चांगली. मग मी तिला अँप्लिफायरला जोडलं आणि पहिल्याच सुराला तोंड वाकडं केलं.

या गिटारला तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप असतात, एक पुढे आणि एक मागे. पुढचा मवाळ असतो, मागचा जोरकस. इथे पुढच्या बाजूनं नुसता भसाडा गदारोळ येत होता आणि मागून चिलटासारखा आवाज. कुणीतरी दोन्ही काढून उलटे बसवले होते. पिकअप उघडून बघितले, तर वायरींवर सोल्डरिंगचे निस्तेज, ओबडधोबड गोळे. एक तर बोटानं हलवला तर सुटून आला.

"आता ऑपरेशनच करते," मी म्हटलं आणि मानेचे स्क्रू काढले.

मान निघाली आणि दोन गोष्टी दिसल्या. मान जिथे बॉडीत बसते तिथून कडेपर्यंत एक भेग गेली होती, त्यात पुट्टी भरून वर रंग फासला होता. गिटार कुठेतरी जोरात आपटली होती. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रूच्या एका भोकात लाकडाची खुंटी होती. भोक सैल झालं की सगळेच खुंटी ठोकतात, पण मी तिच्या लाकडाच्या रेषा आडव्या ठेवते, म्हणजे स्क्रूची पकड सुटत नाही. हे करायला वेळ लागतो, म्हणून दुसरं कुणी करत नाही. इथल्या रेषा आडव्या होत्या. भोकाभोवती, जिथे काळा रंग पोचला नव्हता, तिथे जुना मधासारखा पिवळा रंग शिल्लक होता.

माझं काम मला ओळखू येणार नाही? ही गिटार माझ्या टेबलावर आधी येऊन गेली होती. हिच्याच चोरीपायी माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत चोर ठरवलं होतं.

२

धाकटा एका वाद्यवृंदाचा साउंडवाला होता. माईक लावायचे, वायरी टाकायच्या, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नीट पोचतो की नाही ते बघायचं. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. गिटार होती वृंदाच्या गायकाची, ज्याला सगळे दादा म्हणत. दादा स्वतः गिटार वाजवत नसे. हौसेनं घेतलेली भारी वस्तू होती, ती त्याचा गिटारवादक वाजवायचा.

एका कार्यक्रमानंतर खोलीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत गिटार नाही. कुलूप शाबूत आणि किल्ली धाकट्याकडे. हॉलमधली झाडून सगळी माणसं जमा झाली, खुर्च्या लावणारे, दिवेवाले, तिकीटवाला. त्यांच्यासमोर दादानं धाकट्याची बॅग जमिनीवर उपडी केली. त्यातून डबा, टेस्टर आणि बनियन पडला. वर दादा मोठ्या मनानं म्हणाला, "पोलिसात जात नाही. तुझ्या ताईकडे बघून सोडतो."

त्यानंतर धाकट्याला कुणी काम दिलं नाही. या धंद्यात सगळं तोंडी चालतं आणि बदनामीला पाय लवकर फुटतात. तो आता गोदामात खोकी उचलतो. घरात मी रेडिओ लावला की उठून बाहेर जातो. ज्याला लहानपणी भांडं पडल्याच्या आवाजावरून ते कुठलं ते कळायचं, तो आता गाणं ऐकत नाही. याचा मला किती संताप आहे, ते सांगायला बसले तर गोष्ट राहून जाईल.

सिस्टरला मी सगळं सांगितलं. "गिटार घेण्यासारखी आहे. पण आत्ता ती माझ्याकडे राहू दे. ही माझी साक्षीदार आहे."

"मग साक्ष काढा तिच्याकडून," ती शांतपणे म्हणाली. "मला घाई नाही."

मी जुन्या सामानवाल्याला फोन लावला.

"एका घराचा माळा रिकामा केला, टेम्पोभर अडगळ निघाली. त्यात होती," तो म्हणाला. "कुणाचं घर ते विचारू नका. लोकांची अडगळ चव्हाट्यावर मांडली तर मला दारात कोण उभं करील?"

"शहरातलंच घर?"

"शहरातलंच," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

म्हणजे गिटार कुठेच गेली नव्हती. इतके दिवस इथेच, कुणाच्या तरी माळ्यावर लपून बसली होती.

३

गिटारवरचा काळा रंग गाड्यांना मारतात तसला होता, आणि गाडीचा रंग म्हटल्यावर पहिलं नाव ढोल्याचं. वृंदाचा ड्रमवाला. बारशाला काय नाव ठेवलं होतं ते आता त्यालाही आठवत नसेल. त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. मी गिटार नेऊन त्याच्या समोरच्या बॉनेटवर ठेवली.

त्यानं ती ओळखली नाही. रंग मात्र बघितला आणि चेहरा असा केला की जणू मी मेलेला उंदीर आणला होता.

"हे कोणी केलं?"

"तू."

"ताई, शिव्या दे, पण ही शिवी देऊ नको," तो उसळला. "दोन स्प्रेच्या डब्यांत कुणी गाडवानं उरकलंय हे. आणि हे खळगे बघ! खाली पॉलिशचा तेलकटपणा होता. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश असतं ना, त्यानं पुसलेल्या वस्तूवर रंग धरतच नाही, फाटतो. आधी धुऊन काढायला लागतं. हे न करता रंग मारला तर माझं गॅरेज महिन्यात बंद पडेल."

ते खरं होतं. खळगे कशाचे ते मीही ओळखलं होतं, मला फक्त तो काय बोलतो ते ऐकायचं होतं. मग मी मान उतरवून त्याला माझी खुंटी आणि तिच्याभोवतीचा पिवळा रंग दाखवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादाची गिटार? अगं, मग पॉलिश मास्तरनं लावलं असणार. स्टेजवर चमकायला पाहिजे म्हणून प्रत्येक कार्यक्रमात वाजवायला घेण्याआधी तो तेच फासायचा." थोडा वेळ तो हातातल्या फडक्याशी चाळा करत राहिला. "त्याला विचार. गिटार गेली त्या कार्यक्रमानंतर त्याचं आणि दादाचं जोरात वाजलं होतं."

"कशावरून?"

"टाळ्यांवरून. लोकांनी गिटारच्या तुकड्याला वन्स मोअर दिला, गाण्याला नाही."

"हे तू तेव्हा का बोलला नाहीस?"

ढोल्या एकदम कामाला लागला. गाडीचं दार घासत म्हणाला, "आपल्याला काय करायचंय म्हटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अजून मास्तरला भेटायचं होतं, म्हणून राग तिथेच गिळला.

४

मास्तर म्हणजे वृंदाचा गिटारवादक. घरी शिकवण्या घेतो म्हणून मास्तर. मी गेले तेव्हा शिकवणी नुकतीच सुटली होती. सुटलेली वायर मी तेवढी चिकटवून आणली होती. काही न सांगता गिटार अँप्लिफायरला जोडून त्याच्या हातात दिली.

त्यानं दोन सूर वाजवले आणि थांबला. पिकअपची कळ पुढे केली, मागे केली. कपाळावर आठ्या.

"हे उलटे कोणी बसवलेत?"

"तूच सांग."

तो ऐकतच नव्हता. हात मानेवरून फिरत होता आणि फिरता फिरता एका जागी थबकला. ज्या गिटारवर माणूस वर्षानुवर्षं वाजवतो ती त्याला डोळे मिटूनही कळते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज चिरकला.

"ही... ही दादाची आहे. कुणी केलं हे? असे खून कोण करतं?"

"तुझ्यावर संशय आहे."

"मी चोरली असती तर वाजवायला चोरली असती ना! पिकअप उलटे ठेवून मी एक दिवस तरी झोपलो असतो का?"

हेही मला पटलं. ज्याला दोन सुरांत चूक कळते, त्याला ती चूक माळ्यावर ठेवून जगता येणार नाही. मग मी सरळ विचारलं, भांडणानंतर गिटार कुठे होती?

मास्तरनं नजर टाळली. "दादानं माझ्या हातून हिसकावली. म्हणाला, माझी आहे, ठेव खाली. मी तिथून निघून आलो."

"म्हणजे गिटार शेवटची दादाच्या हातात होती. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भावाची बॅग उपडी होत असताना तू तिथे उभा होतास."

"दादानं ती पेटीत ठेवली असेल असंच वाटलं मला. आपलीच वस्तू कोण चोरेल, ताई? आणि..." तो अडखळला. "मला पुढचे कार्यक्रम हवे होते."

"माझ्या भावालाही हवे होते," मी म्हटलं आणि गिटार उचलली. यापुढे बोलले असते तर त्याच्या खोलीतलं एकही वाद्य धड राहिलं नसतं.

५

धाकटा गोदामातून आला तेव्हा गिटार स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडी पडली होती. तो पाणी प्यायला आणि ग्लास हातात धरूनच खाली वाकला. रंगाकडे बघितलंच नाही. सोल्डरिंगचे गोळे बघितले.

"हे काय गं? तापलेलं कथील नुसतं वरून चिकटवलंय. वायर तापवलीच नाही. शिकाऊ पोरंसुद्धा पहिल्या दिवसानंतर असं करत नाहीत."

"ही दादाची गिटार आहे."

तो खाली बसला. ग्लास अजून हातातच होता.

"त्या दिवशी पेटी खोलीत कोणी आणून ठेवली?" मी विचारलं.

"दादांनीच. बंद पेटी. मी वायरी गुंडाळत होतो. मी नंतर कुलूप लावलं. ताई, मी तेव्हा हे सांगितलं होतं. ते म्हणाले, गिटार आत होती. मालकच म्हणतोय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?"

मला बसवेना. मी उभी राहून बोलायला लागले.

"मग आता माझं ऐक. बाहेरच्या चोरानं नेली असती तर त्यानं रंगवली नसती. मूळ रंगात हिला चांगली किंमत येते, काळी केली की ती कवडीमोल. ज्यानं रंगवली त्याला विकायची नव्हती. त्याला फक्त ती ओळखू यायला नको होती, म्हणजे तो आपल्यातलाच. ढोल्या रंगारी आहे, तो पॉलिश पुसल्याशिवाय रंगाला हात लावणार नाही. मास्तर वाजवणारा आहे, तो पिकअप उलटे ठेवणार नाही. तू वायरींचा माणूस आहेस, तू असे गोळे करणार नाहीस. ज्यानं हे केलं त्याला रंग कळत नाही, वायर कळत नाही आणि गिटार वाजवता येत नाही. तरीही त्यानं भेग बुजवली, एकेक स्क्रू परत लावला. ना मोडीत काढली, ना जाळली. जीव होता त्याचा तिच्यावर. असा तुमच्यात एकच माणूस आहे."

धाकट्यानं ग्लास टेबलावर ठेवला.

"त्यांनी स्वतःच आपटली," तो हळूच म्हणाला.

"रागाच्या भरात. आणि सकाळी मास्तर विचारेल, लोक विचारतील, म्हणून चोरी झाली. पोलिसात का नाही गेला ते आता कळलं? माझ्याकडे बघून नाही. पोलीस आधी त्यालाच प्रश्न विचारतील म्हणून."

"पण ताई, हे सगळं तुझ्या डोक्यातलं. ते म्हणतील, सिद्ध कर."

बरोबर होतं त्याचं. आणि सिद्ध करायला मला एका घरचा माळा बघायचा होता.

६

दादा घरी नसण्याची वेळ बघून मी गेले. दार त्याच्या आईनं उघडलं. भिंतींना नवा रंग लागला होता आणि सामान अजून मधोमध ओढलेलं होतं.

"ये गं, ये. पसारा बघू नकोस," त्या म्हणाल्या. "रंगकाम काढलं, तर म्हटलं माळाही झाडून टाकावा. टेम्पोभर निघालं बघ."

मी काय विचारणार होते, ते मी वाटेत पाठ केलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून ते सगळं बाजूला ठेवलं. राग होता, पण तो या बाईंवर काढायचा नव्हता.

"काकू, त्यात एक काळी गिटार होती का?"

"होती की. गोधडीत गुंडाळलेली. तू घेतलीस? बरं झालं. ह्यानंच रंगवली होती ती, वर गच्चीत बसून. आठवडाभर घरात वास. मी म्हटलं, अरे, कशाला नसते उद्योग, कुणाला तरी देऊन टाक. तर माझ्यावरच खेकसला." त्या खुर्चीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. "एका कार्यक्रमाहून आला तेव्हा मोडकी घेऊन आला होता. पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी विचारलं, काय झालं, तर म्हणे हातातून पडली. हातातून पडलेली वस्तू अशी फुटते होय? आपटलीच असणार. रागीट आहे, पण मनानं वाईट नाही गं."

मी त्यांनी पुसलेल्या खुर्चीवर टेकले. मग त्यांनीच विचारलं, "तुझा भाऊ कसा आहे? आता येत नाही तो. फार गुणी मुलगा."

त्यांना काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. त्या ऐकत राहिल्या. शेवटी उठल्या आणि त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"कुठे निघालात?"

"तो हॉलवर आहे ना आज? मला घेऊन चल."

७

जाताना मी सिस्टरला फोन केला. "घेऊन टाका. लाकूड खणखणीत आहे. पिकअप आणि वायरी मी नीट लावून देते, भेग पक्की करते. रंग खरवडावा लागेल."

"खरवडा," ती म्हणाली. "भेग दिसली तरी चालेल मला. आणि त्या भेगेचा निकाल लावा आधी."

वाटेत घरून गिटार घेतली. धाकटा यायला तयार नव्हता. मी हात धरून ओढत नेला. हॉलच्या दारात त्याचे पाय जड झाले, कारण खुर्च्या लावणारे तेच होते, दिवेवालेही तेच. तिकीटवाल्यानं त्याला बघून तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. ढोल्या आणि मास्तर स्टेजवर होते. दादा मधोमध माईकशी उभा होता. त्यानं आधी आईला बघितलं, मग माझ्या हातातली काळी गिटार बघितली. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी सांगितलंय तिला," त्याची आई खालूनच म्हणाली. "गच्ची, रंग, सगळं. आता तू सांग."

दादा लगबगीनं खाली उतरला आणि धाकट्याचा हात धरून त्याला कडेला घ्यायला लागला. "चुकलं माझं. तेव्हा सुचलं नाही काही. असं कर, आजपासून परत ये. पहिल्यासारखं. आपण आपसात मिटवू, उगाच तमाशा कशाला?"

"तमाशा?" मी ओरडले. "बॅग काय आपसात उपडी केली होतीस का रे?" त्याला अरे-तुरे मी त्या दिवसापर्यंत कधी केलं नव्हतं.

धाकट्यानं मला हातानं थांबवलं. दुसरा हात त्यानं दादाच्या हातातून सोडवून घेतला.

"परत मी येणार नाही," तो म्हणाला. "पण बोला. माईकवर बोला."

तो वळला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून चालत पार मागे, साउंडच्या टेबलाशी गेला. तिथला मुलगा बाजूला झाला. धाकट्यानं कळांवर बोटं ठेवली. आपण कुठे उभे आहोत हे विसरल्यासारखा तो एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिला.

दादा स्टेजवर चढला. खुर्च्या लावणारे हातातलं काम टाकून उभे होते. तिकीटवालाही आत आला होता.

"गिटार..." दादानं घसा साफ केला. "गिटार चोरीला गेली नव्हती. माझ्याच हातून..."

"मागे ऐकू येत नाही," धाकटा म्हणाला.

दादानं माईक जवळ घेतला. "गिटार चोरीला गेली नव्हती. मीच आपटली. ह्यानं काही घेतलं नव्हतं. मी खोटं बोललो."

धाकट्यानं आवाजाची कळ पूर्ण वर सरकवली होती, ते मी जिथे उभी होते तिथून मला दिसत होतं. दादाचा शब्दन् शब्द भिंतींवर आदळून परत येत होता. उघड्या दारातून तो बाहेर रस्त्यावर जात होता आणि जाणारी-येणारी माणसं थांबून आत बघत होती.

"ऐकू येत नाही," धाकटा म्हणाला. "पुन्हा."